जेंटूवर पुन्हा पुन्हा येणारी ‘सर्क्युलर डिपेन्डन्सीज’ची अडचण: दुवा कोठे तोडावा आणि सेटिंग कोठे लिहावे

पॅकेजे आपल्याच संगणकावर कंपाइल करून बसवणाऱ्या जेंटू लिनक्सवर नवा डेस्कटॉप उभारताना, किंवा चालत्या संगणकावर वाइनसारखे (विंडोजचे प्रोग्राम चालवणारे) ३२-बिट लायब्रऱ्या मागणारे पॅकेज बसवताना, पॅकेजे बसवणारी इमर्ज ही आज्ञा एकही ओळ कंपाइल करण्याआधी ‘एरर: सर्क्युलर डिपेन्डन्सीज’ असे, म्हणजे पॅकेजे एकमेकांवर चक्राकार अवलंबून असल्याचे, सांगून थांबते. पडद्यावर पॅकेजांच्या नावांची लांबलचक उतरंड दिसते आणि तिच्या अखेरीस सुरुवातीचेच नाव पुन्हा येते. एकदा तात्पुरता उपाय करून काम भागते, पण काही महिन्यांनी दुसऱ्या संगणकावर, आणि कित्येकदा त्याच संगणकावर, तोच संदेश परत उभा राहतो. तो परत का येतो आणि परत येऊ नये म्हणून कोणते सेटिंग कोणत्या ठिकाणी असावे, एवढ्यापुरतेच हे टिपण आहे. आज्ञा, पर्याय आणि फायलींची नावे येथे देवनागरीत दिली असली तरी टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीतच टंकावी लागतात.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. गोव्यातील फोंडा, डिचोली आणि साखळी या भागांत देवस्थानांच्या उत्सवपत्रिका, नाटकांची पत्रके आणि लग्नाची निमंत्रणे मराठीत जुळवून देणारी छोटी डीटीपी केंद्रे आहेत, आणि त्यांतल्या काहींचे जुने संगणक आम्ही काही मित्र जेंटूवर चालवतो. तुलनेने ताकदवान अशा एका संगणकावर पॅकेजे कंपाइल करावयाची आणि तयार बायनरी बाकीच्यांना पुरवावयाच्या, अशी व्यवस्था आहे. काणकोण-सांग्याकडे त्या पेनड्राइव्हवरूनही जातात. अशा व्यवस्थेत चक्राकार अवलंबनाची जी जोडी सर्वांत जास्त भेटते ती म्हणजे फ्रीटाइप आणि हार्फबझ. या दोन्ही लायब्रऱ्यांचा देवनागरी मजकूर पडद्यावर आणि कागदावर उमटण्याशी थेट संबंध असल्यामुळे उपाय करताना लोकांचा हात कचरतो, आणि मग घाईत चुकीचा दुवा तोडला जातो.

संदेश नीट वाचणे

उतरंडीतील प्रत्येक ओळीच्या शेवटी कंसात ‘बिल्डटाइम’ किंवा ‘रनटाइम’ असा शब्द असतो. बहुतेक जण तो वाचत नाहीत, पण सगळे मर्म त्यातच आहे. जेंटूच्या ईबिल्ड फायलीत, म्हणजे पॅकेज कसे कंपाइल करावयाचे ते सांगणाऱ्या फायलीत, अवलंबनाचे प्रकार वेगवेगळे नोंदवलेले असतात: कंपाइल करताना लागणाऱ्या लायब्रऱ्या, कंपाइल करताना चालवावी लागणारी साधने, चालताना लागणारी पॅकेजे आणि नंतर कधीतरी बसवली तरी चालतील अशी पॅकेजे. दोन पॅकेजे केवळ चालताना एकमेकांवर अवलंबून असतील तर पोर्टेज (इमर्जमागची पॅकेज-व्यवस्थापक प्रणाली) फारशी कुरकुर करत नाही. एक आधी बसवते, दुसरे मागोमाग बसवते आणि दोन्ही जागेवर आल्यावर व्यवहार सुरळीत होतो. कंपाइल करतानाच्या अवलंबनाला मात्र ही सवलत मिळत नाही, कारण कंपायलरला हेडर फाइल त्या क्षणी समोर हवी असते. म्हणून ज्या चक्रात एखादा तरी दुवा ‘बिल्डटाइम’ आहे तेच खरे अडलेले चक्र, असे समजावे.

उतरंडीखाली पोर्टेज स्वतःच एक सूचना देते: अमुक पॅकेजाचा अमुक यूज फ्लॅग (पॅकेजातील ऐच्छिक सोय चालू-बंद करणारा पर्याय) बदलल्यास हे चक्र तुटू शकेल, आणि पॅकेज बसल्यानंतर हा बदल मागे घेता येईल. यातील पहिला अर्धा भाग सगळे जण पाळतात आणि दुसऱ्या अर्ध्याकडे दुर्लक्ष करतात. ही अडचण वारंवार येण्यामागे हे दुर्लक्षच बऱ्याच अंशी असते.

फ्रीटाइप आणि हार्फबझ एकमेकांकडे काय मागतात

फ्रीटाइप फाँटच्या फायलीतील रेषा-वळणे वाचून त्यांचे ठिपक्यांच्या चित्रात रूपांतर करते. हार्फबझचे काम त्याच्या आधीचे असते: ‘क’, हलन्त आणि ‘ष’ असे सलग संकेतांक आले की त्या फाँटमधील ‘क्ष’चे चिन्ह निवडावयाचे, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणून ठेवावयाची, रफार योग्य अक्षराच्या डोक्यावर बसवावयाचा, हे सर्व ती ठरवते. लिबरऑफिसने २०१७ साली आलेल्या ५.३ या आवृत्तीपासून सर्व प्रणालींवर मजकुराच्या मांडणीसाठी हार्फबझच वापरण्यास सुरुवात केली. जीटीके वापरणारे प्रोग्राम पँगो या लायब्ररीमार्फत तिच्याकडेच जातात.

हार्फबझला फाँटमधील चिन्हांची मापे फ्रीटाइपकडून घेण्याची सोय आहे आणि जेंटूत ती ‘ट्रूटाइप’ या फ्लॅगने चालू होते. उलट बाजूने, फ्रीटाइपमध्ये अक्षरांच्या कडा पडद्यावर रेखीव दिसाव्यात म्हणून स्वयंचलित हिंटिंगचा एक भाग आहे, आणि फाँटमधील ओपनटाइप नियमांनीच ज्यांच्यापर्यंत पोचता येते अशा चिन्हांचे हिंटिंग करण्यासाठी तो भाग हार्फबझची मदत घेतो. ही मदत ‘हार्फबझ’ या फ्लॅगने चालू होते. दोन्ही फ्लॅग चालू ठेवले आणि दोन्ही पॅकेजे संगणकावर नसली, की चक्र पूर्ण होते. हा जेंटूचा दोष नव्हे. फ्रीटाइपच्या स्वतःच्या स्थापना-सूचनांतच या चक्राचा उल्लेख आहे आणि आधी हार्फबझशिवाय फ्रीटाइप, मग हार्फबझ, मग पुन्हा फ्रीटाइप, असा क्रम सुचवलेला आहे. ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’च्या पद्धतीने सगळे हाताने उभारणारेही याच क्रमाने जातात.

आता दुवा कोणता तोडावा, हा प्रश्न. कागदावर दोन्ही पर्याय सारखेच दिसतात. हार्फबझचा ‘ट्रूटाइप’ फ्लॅग बंद केला तरी चक्र तुटते आणि फ्रीटाइपचा ‘हार्फबझ’ फ्लॅग बंद केला तरी तुटते. पण पँगोला ‘ट्रूटाइप’ चालू असलेलीच हार्फबझ हवी असते, आणि खुद्द फ्रीटाइपचा ‘हार्फबझ’ फ्लॅगही तीच अट घालतो. म्हणजे त्या बाजूने दुवा तोडल्यास एक चक्र जाऊन दोन नवे तंटे हाती येतात. उलट फ्रीटाइपमधील ‘हार्फबझ’ फ्लॅग तात्पुरता बंद केल्याने त्या अवधीत केवळ स्वयंचलित हिंटिंगची एक बारीक सुधारणा गळते. ज्या दुव्याच्या अभावी सर्वांत कमी बिघडते आणि ज्यावर तिसऱ्या कोणाची अट नाही, तो दुवा तोडावा, हा निकष या जोडीला लागू पडतो आणि पुढे येणाऱ्या इतर जोड्यांनाही पडतो.

‘फ्रीटाइपमधून हार्फबझ काढली की जोडाक्षरे तुटतात’ अशी एक समजूत आमच्या भागात पक्की बसलेली आहे, आणि ऐन चवथीच्या आधी पत्रकांची गर्दी असताना कोणी हा फ्लॅग बंद करू म्हटले तर केंद्रचालक हात जोडतो. समजूत चुकीची आहे. जोडाक्षरे जुळवण्यासाठी लिबरऑफिस किंवा पँगो थेट हार्फबझला हाक मारतात. त्या वाटेत फ्रीटाइपचा हा फ्लॅग येतच नाही. खात्री करावयाची असल्यास हार्फबझसोबत येणाऱ्या एचबी-शेप या साधनाला शोभिका किंवा लोहित देवनागरी यांसारखा फाँट आणि ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’, ‘श्री’, ‘बुद्धी’ असे शब्द द्यावेत आणि फ्लॅग बंद असताना व चालू असताना मिळणारी चिन्हांची यादी ताडून पाहावी. यादी बदलत नाही. चाचणीच्या शब्दांत अर्ध्या ‘र’चा ‘ऱ्ह’ किंवा ‘ऱ्य’ अवश्य ठेवावा, कारण हिंदीपुरतीच तपासणी झालेल्या फाँटमध्ये नेमका तोच निसटलेला आढळतो. मात्र तो दोष फाँटचा, पॅकेजांचा नव्हे.

उपाय

पहिली आज्ञा:

यूज="-हार्फबझ" इमर्ज --वनशॉट --बिल्डपीकेजी=एन मीडिया-लिब्स/फ्रीटाइप

दुसरी:

इमर्ज --वनशॉट मीडिया-लिब्स/हार्फबझ

तिसरी:

इमर्ज --आस्क --अपडेट --डीप --न्यूयूज @वर्ल्ड

पहिल्या आज्ञेत एकाच पॅकेजाचे नाव असावे. आज्ञेपुढे लिहिलेले यूज हे त्या आज्ञेतील पॅकेजांच्या आणि त्यांच्या अवलंबनांच्या संपूर्ण आलेखाला लागू होते, त्यामुळे तेथे @वर्ल्ड (म्हणजे संपूर्ण प्रणाली) लिहिल्यास ‘हार्फबझ’ नावाचा फ्लॅग असलेल्या प्रत्येक पॅकेजातून तो निघून जातो आणि अर्ध्या तासाऐवजी अर्धा दिवस जातो. ‘--वनशॉट’ पर्यायामुळे फ्रीटाइपचे नाव वर्ल्ड फायलीत नोंदवले जात नाही. ते तेथे नोंदवले जाऊ नये, कारण वर्ल्ड फाइल ही वापरणाऱ्याने स्वतःहून मागितलेल्या पॅकेजांची यादी आहे, आणि लायब्रऱ्या तिच्यात शिरल्या की अनावश्यक पॅकेजे काढणारी डेपक्लीन ही सोय त्यांना कधीच काढत नाही.

‘--बिल्डपीकेजी=एन’ हा पर्याय ज्यांच्याकडे एकच संगणक आहे त्यांना अनावश्यक आहे. बायनरी इतरांना पुरवणाऱ्यांनी मात्र तो विसरू नये. तो नसल्यास अर्धवट फ्रीटाइपचीही बायनरी तयार होऊन साठ्यात जाते. सामान्यतः पोर्टेज फ्लॅग जुळत नसलेली बायनरी नाकारते. परंतु केवळ बायनरीच घ्यावयाच्या, असे सांगणारा ‘--यूजपीकेजीओन्ली’ पर्याय वापरल्यास ही तपासणी आपोआप चालू होत नाही, आणि जुन्या, मंद संगणकांवर नेमका हाच पर्याय वापरला जातो. मग एखाद्या केंद्रातील अक्षरे शेजारच्या केंद्रापेक्षा किंचित वेगळी का दिसतात, याचा शोध घेण्यात सगळ्यांचा वेळ जातो.

तिसऱ्या आज्ञेतील ‘--न्यूयूज’ हा या उपायाचा कणा आहे. पहिल्या आज्ञेतील बदल कोणत्याही फायलीत लिहिलेला नसल्यामुळे, बसलेल्या फ्रीटाइपचे फ्लॅग आणि सेटिंगप्रमाणे असावयाचे फ्लॅग यांत फरक पडतो. ‘--न्यूयूज’ हा फरक ओळखून फ्रीटाइप पुन्हा कंपाइल करते आणि या वेळी हार्फबझ जागेवर असल्यामुळे चक्र उद्भवत नाही. पहिल्या आणि तिसऱ्या आज्ञेच्या मध्येच वीज गेली, जे जून-जुलैत आमच्याकडे नवल नाही, तरी बिघडत काही नाही. पुढच्या वेळी अद्ययावत करताना तो फरक पुन्हा समोर येतो आणि आपोआप भरून निघतो.

तोच बदल पॅकेजवार फ्लॅग लिहिण्याच्या पॅकेज.यूज फायलीत लिहिला असता तर? चक्र तेव्हाही तुटले असते. पण ती ओळ पुसण्याची आठवण फक्त माणसाला असते आणि माणूस विसरतो. पोर्टेजच्या दृष्टीने ती ओळ म्हणजे वापरणाऱ्याची कायमची इच्छा ठरते, त्यामुळे ती कोणताही इशारा न देता वर्षानुवर्षे पाळली जाते. पुढे तिसरेच एखादे पॅकेज तोच फ्लॅग चालू मागते, तेव्हा पडद्यावर येणारा संदेश चक्राचा नसून विरोधाचा असतो आणि त्याचे मूळ जुन्या ओळीत आहे हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. हेच पॅकेज.यूज दुसऱ्या संगणकावर जसेच्या तसे नकलले, की आजार पसरतो.

डिफॉल्ट कोठून येतात

एखादा फ्लॅग चालू का आहे हे कळल्याशिवाय तो बंद करण्यात अर्थ नाही. पोर्टेज फ्लॅगची किंमत अनेक थरांतून ठरवते. सर्वांत खाली ईबिल्ड लिहिणाऱ्याने स्वतः अधिक चिन्ह लावून चालू ठेवलेले फ्लॅग असतात, त्यावर निवडलेल्या प्रोफाइलचे (जेंटूने दिलेल्या तयार डिफॉल्ट-संचाचे), म्हणजे साधे, डेस्कटॉप, नोम किंवा प्लाझ्मा यांपैकी जे निवडले असेल त्याचे, त्यावर मेक.कॉन्फ या संपूर्ण प्रणालीच्या सेटिंगच्या फायलीतील यूज, त्यावर पॅकेज.यूजमधील ओळी, आणि सर्वांच्या वर आज्ञेपुढे लिहिलेले यूज. वरचा थर खालच्याला झाकतो. आपण मेक.कॉन्फमध्ये काहीच लिहिलेले नाही, तरी चक्र का आले, असे विचारणाऱ्याला उत्तर बहुधा प्रोफाइलच्या थरात मिळते: डेस्कटॉप प्रोफाइल अनेक फ्लॅग एकदम चालू करते आणि त्यांतील दोन कोठेतरी समोरासमोर येतात.

यावर काही जण मेक.कॉन्फमध्ये यूजच्या आरंभी उणे आणि तारा लिहून खालचे सगळे थर एका फटक्यात पुसतात आणि मग हवे तेवढेच फ्लॅग एकेक करून चालू करतात. मी हे कोणालाही सुचवणार नाही. चक्रे कमी होतात हे खरे, पण ईबिल्ड लिहिणाऱ्यांनी विचारपूर्वक चालू ठेवलेले फ्लॅगही त्याबरोबर जातात, ‘या दोहोंपैकी एक फ्लॅग हवाच’ अशा अटी मोडतात आणि दर अद्ययावतीकरणात नवे काहीतरी अडते. योग्य प्रोफाइल निवडून मेक.कॉन्फमधील यूज एका ओळीत मावेल इतके लहान ठेवावे. त्यात केवळ अशाच गोष्टी असाव्यात ज्या प्रत्येक पॅकेजाच्या बाबतीत खऱ्या आहेत. ‘टिफ’, ‘वेबपी’, ‘हार्फबझ’ ही एखाददुसऱ्या प्रोग्रामची गरज असते, ती पॅकेज.यूजमध्ये त्या पॅकेजापुढे लिहावी. पॅकेज.यूज ही फाइल न ठेवता फोल्डर करून त्यात ‘वाइन’, ‘छपाई’, ‘मराठी’ अशा उद्देशांच्या नावांनी वेगवेगळ्या फायली ठेवल्या, तर एखादा प्रोग्राम काढताना त्याच्यामागे राहिलेले सेटिंगही काढता येते.

टिफ आणि वेबपी यांची जोडी याच कारणाने अडते. टिफ लायब्ररीला वेबपी पद्धतीने आकुंचित केलेली टिफ चित्रे उघडावयाची असतात, आणि वेबपीसोबतच्या साधनांना टिफ चित्रे वाचून त्यांचे वेबपीत रूपांतर करावयाचे असते. छपाईच्या कामात टिफ महत्त्वाचे, आतून वेबपी वापरलेले टिफ मात्र विरळाच. म्हणून टिफचा ‘वेबपी’ फ्लॅग वरच्याच रीतीने एका आज्ञेपुरता बंद करावा.

एकदा सुटलेले चक्र परत का येते

बसलेल्या संगणकावर साधे अद्ययावतीकरण करताना ते सहसा येत नाही, कारण नवी फ्रीटाइप कंपाइल करण्यासाठी जुनी हार्फबझ जागेवर असते आणि पोर्टेज तिचा आधार घेते. जुन्या पॅकेजाने गरज भागत नाही तेव्हा ते परत येते. सर्वांत नेहमीचे कारण ३२-बिटचे आहे: वाइनला लागणारा ‘एबीआय एक्स८६ ३२’ हा फ्लॅग अवलंबनांच्या साखळीतून खालपर्यंत झिरपतो, आणि बसलेल्या फ्रीटाइप व हार्फबझ या दोघींचीही केवळ ६४-बिट रूपे असल्यामुळे ३२-बिटच्या दृष्टीने दोन्ही पॅकेजे संगणकावर नसल्यासारखीच असतात. चक्र नव्याने पूर्ण होते आणि उपायही तोच. ३२-बिटच्या ओळी मात्र पॅकेज.यूजमध्ये कायम राहाव्यात, कारण ती खरोखरच कायमची गरज आहे. दुसरे कारण रिकाम्या फोल्डरात नव्या संगणकासाठी प्रणाली उभारण्याचे. तेथे सुरुवात स्टेज-३च्या, म्हणजे जेंटूने आधीच कंपाइल केलेल्या मूलभूत प्रणालीच्या, संचापासून होते. सी कंपायलर कंपाइल करण्यास सी कंपायलरच लागतो, हे सर्वांत मोठे चक्र त्या संचाने आधीच सोडवलेले असते. डेस्कटॉपच्या लायब्रऱ्यांची चक्रे मात्र त्यात सुटलेली नसतात, म्हणून दर नव्या उभारणीत ती भेटतात.

अशा वेळी आणखी एक मार्ग आता उपलब्ध आहे. २०२३च्या डिसेंबरअखेरीस जेंटूने स्वतःच्या सर्व्हरवरून तयार बायनरी मोठ्या प्रमाणावर देण्यास सुरुवात केली. ‘--गेटबिनपीकेजी’ पर्याय देऊन फ्रीटाइप आणि हार्फबझ या दोन्ही बायनरी स्वरूपात घेतल्या, तर कंपाइल करण्याचाच प्रसंग येत नाही आणि बिल्डटाइमचे चक्रही उरत नाही. त्यासाठी आपले फ्लॅग तेथील फ्लॅगांशी जुळावे लागतात. प्रोफाइलच्या डिफॉल्टला फारसा हात न लावण्याचा हा आणखी एक फायदा.

डेबियन आणि उबुंटू वापरणाऱ्यांसाठी

डेबियनवर हा संदेश दिसत नाही, कारण कंपाइल करतानाची चक्रे पॅकेजे तयार करणाऱ्यांनीच सोडवलेली असतात. बसवतानाची चक्रे तेथेही आहेत. एलआयबीसी-६ आणि एलआयबीजीसीसी-एस-१ ही पॅकेजे एकमेकांवर अवलंबून आहेत. पॅकेजे बसवणारे डीपीकेजी हे साधन दोन्ही उलगडून ठेवते आणि मग कॉन्फिगर करते. चक्रातील एखाद्या पॅकेजाला बसवल्यानंतर चालवण्याची स्क्रिप्ट नसेल तर चक्र त्याच पॅकेजापाशी तोडावे, असा डेबियनच्या धोरणग्रंथाचा नियम आहे; सगळ्यांनाच स्क्रिप्ट असेल तर ते कोठे तुटेल याची हमी नाही. ‘हेल्ड ब्रोकन पॅकेजेस’ हा तेथील परिचित संदेश मात्र चक्राचा नसतो; दोन वेगळ्या आवृत्त्यांचे स्रोत एकत्र केल्याने किंवा एखादे पॅकेज अडकवून ठेवल्याने तो येतो, आणि ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ ही आज्ञा देऊन तपास सुरू करावा.

डिफॉल्टचा प्रश्न तेथे ‘रेकमेंड्स’च्या रूपाने येतो. २००९च्या लेनी आवृत्तीपासून ॲप्ट हे पॅकेजे आणून बसवणारे साधन शिफारस केलेली पॅकेजेही डिफॉल्टनेच बसवते. जुन्या संगणकांवर जागा वाचवण्यासाठी हे कायमचे बंद करणारे बरेच भेटतात आणि मग फाँट किंवा मराठी टंकलेखनाचा एखादा भाग का आला नाही म्हणून विचारतात. तेथेही अपवाद त्या एका आज्ञेपुरता ‘--नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स’ देऊनच करावा.

पोर्टेज ‘आलेखात पुष्कळ चक्रे आहेत’ असे सांगते तेव्हा

कधी कधी सूचनेखाली असा मजकूर येतो की आलेखात बरीच चक्रे आहेत आणि एखादा फ्लॅग सर्वच पॅकेजांसाठी तात्पुरता बदलणे अधिक सोयीचे ठरेल. तो सल्ला लगेच पाळू नये. सगळी यादी एकदम बसवण्याऐवजी आधी फक्त पँगोसाठी ‘--प्रिटेंड --व्हर्बोज --ट्री’ देऊन पाहावे; लहान आलेखात एकच चक्र दिसते, ते सोडवावे आणि मग पुढचे पॅकेज घ्यावे. अनेकदा पहिले चक्र सुटले की बाकीची दिसेनाशी होतात, कारण ती त्याच जोडीतून जाणारी वेगवेगळी वळणे असतात.

सर्व आटोपल्यावर ‘इमर्ज --प्रिटेंड --व्हर्बोज फ्रीटाइप’ ही आज्ञा द्यावी. ‘हार्फबझ’ या नावापुढे तारा दिसला, तर बसलेले पॅकेज आणि सेटिंग यांत अजून फरक आहे आणि तिसरी आज्ञा पूर्ण झालेली नाही. तारा नसून नावाआधी उणे चिन्ह असेल, तर तो फ्लॅग कोणत्या तरी थरातच बंद आहे, प्रथम पॅकेज.यूज फोल्डरातील सर्व फायलींत आणि मेक.कॉन्फमध्ये ‘हार्फबझ’ हा शब्द शोधावा, आणि तेथे तो न सापडल्यास निवडलेले प्रोफाइल तो मुळात चालू करते की नाही हे तपासावे.